कोल्ह्याची टोपी कुणाला हवी?

वाचकांचे प्रश्न : कोरियन ऐतिहासिक रहस्यकथा

गेल्या अंकातल्या माझ्या लेखात एक वाक्य होतं : ‘जोसॉन काळातल्या रहस्यकथांत माणसाला मोहात पाडायला भूत येतं खरं, पण दार आतूनच उघडलेलं असतं.’ या वाक्यावर बरीच पत्रं आली, त्यांतली काही चांगलीच रागावलेली. पाच प्रश्न इथे घेते. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की जोसॉन हे १३९२ पासून पाच शतकांहून जास्त काळ कोरियावर राज्य केलेलं घराणं. राजधानी हानयांग, म्हणजे आजचं सोल. कारभार कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर चालायचा आणि त्या शिकवणीत भुताखेतांना दरबारी जागा नव्हती. कथांत मात्र ती पावलोपावली भेटतात.

प्रश्न : रहस्यकथा म्हणून वाचायला घ्यावी, तर तिसऱ्याच प्रकरणात खून झालेली मुलगी स्वतः येऊन खुन्याचं नाव सांगते. मग उरलं काय? ही वाचकाची फसवणूक नाही का?
*– रहस्यकथांचे एक जुने वाचक*

तुमची चीड माझ्या ओळखीची आहे. माझी सगळी नोकरी न्यायालयात झाली. मरणोत्तर पंचनामे टाइप करण्यात एकतीस वर्षं गेली. प्रेत पालथं होतं की उताणं, मुठी आवळलेल्या होत्या की उघड्या, हे कागदावर आल्याशिवाय मला पुढचं काही पटत नाही. त्यामुळे भूत साक्षीला आलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ते पुन्हा उघडायला लावलं एका उंदरानं.

जांगह्वा आणि होंगर्योन या बहिणींची जुनी गोष्ट आहे, उत्तरेकडच्या चॉल्सानची. सावत्र आईनं एक उंदीर सोलला, थोरलीच्या अंथरुणात ठेवला आणि नवऱ्याला दाखवलं : तुमच्या मुलीनं गर्भ पाडला. अब्रू वाचवण्यासाठी थोरलीला तळ्यात ढकलण्यात आलं. धाकटीनं मागोमाग त्याच तळ्यात जीव दिला. पुढे चॉल्सानला जो अधिकारी येई, तो रात्री या दोघींना पाहून भीतीनं मरे. शेवटी एक धीराचा माणूस आला, दिवा लावून बसला आणि त्यानं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं.

आता त्यानं सकाळी काय केलं ते पाहा. सावत्र आईला बोलावलं आणि पुरावा मागितला. तिनं तो वाळलेला गोळा पुढे केला. अधिकाऱ्याला तो गर्भच वाटला! त्यानं तिला घरी जाऊ दिलं. रात्री बहिणी पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, त्याचं पोट चिरून बघा. चिरलं, तर आत उंदराच्या लेंड्या.

म्हणजे भुतानं फिर्याद दिली होती. ती सिद्ध करायचं काम अधिकाऱ्याचंच राहिलं आणि पहिल्या खेपेला तो चुकलाही. त्या लेंड्या वाचल्या तेव्हा मला ही माणसं आपल्याच पेशातली वाटायला लागली. या गोष्टीच्या मुळाशी सतराव्या शतकातला एक खरा अधिकारी असल्याचं मानतात, चोन दोंग-हुल त्याचं नाव.

खरं कामकाजही तितकंच चिवट होतं. संशयास्पद मृत्यू झाला की अधिकाऱ्यानं ‘मुवॉन्नोक’ उघडायचं. मूळ ग्रंथ चिनी, १३०८ सालचा. राजा सेजोंगच्या काळात, १४३८ मध्ये, कोरियन विद्वानांनी त्यावर टीपा लिहून तो वापरात आणला. चांदीची काडी मृताच्या घशात सरकवून तोंड कागदानं बंद करायचं. काडी काळी पडली आणि धुऊनही काळीच राहिली, तर विषाचा संशय. सुरीवरचं रक्त कुणी पुसलं असेल तर ती निखाऱ्यावर लाल करून वर कडक व्हिनेगर ओतायचं, म्हणजे डाग परत दिसतो. आणि ज्या नियमावर माझा जीव जडला तो असा : एका अधिकाऱ्यानं प्रेत तपासलं की शेजारच्या परगण्यातल्या दुसऱ्यानं ते नव्यानं तपासायचं, आणि पहिल्यानं काय लिहिलं हे दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. दोन अहवाल जुळले नाहीत, तर तिसरा माणूस.

या ग्रंथाच्या नावात ‘वॉन’ असं एक अक्षर आहे. झालेला अन्याय ज्याला कुठे मांडताच आला नाही, त्याची ती घुसमट म्हणजे ‘वॉन’. ‘मु-वॉन-नोक’ म्हणजे अशी घुसमट कुणाच्याही वाट्याला राहू नये म्हणून केलेली नोंद. आणि अन्यायानं मेलेल्याच्या भटकत्या आत्म्याला कोरियन भाषेत ‘वॉनहोन’ म्हणतात. तेच ‘वॉन’, तेच चिनी अक्षर. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पंचनाम्याची वही आणि भूत एकाच शब्दाच्या पोटची! वही नीट लिहिली गेली असती तर भुताला यावं लागलंच नसतं.

तेव्हा तिसऱ्या प्रकरणात मुलगी येऊन नाव सांगते, तेव्हा मी विचारते : पहिला पंचनामा कुणी केला होता, आणि त्यातून काय वगळलं होतं? ज्या कथेला याचं उत्तर देता येत नाही, जिथे भूत नाव घेतं आणि अधिकारी फटके मारून कबुली काढतो, तिथे तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. अशी पुस्तकं मीही अर्ध्यावर सोडते.

प्रश्न : नऊ शेपट्यांची कोल्हीण, तिचं सुंदर रूप आणि तिच्या जाळ्यात सापडलेला बिचारा पुरुष. कोरियातही मोह म्हणजे बाईच का?
*– साहित्याच्या एक विद्यार्थिनी*

बहुतेक कथांत हो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. गुमिहो ही हजार वर्षं जगलेली कोल्हीण. ती बाईचं रूप घेते आणि माणसाचं काळीज खाते. दुबळ्या लेखकाच्या हाती ती सापडली की पुरुषाच्या प्रत्येक अपराधाची पावती तिच्या नावे फाटते. पण याच परंपरेत दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचल्यावर हा हिशोब बदलतो.

एक आहे कोल्ह्याच्या मण्याची लोककथा. गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला डोंगरातल्या वाटेवर रोज एक मुलगी भेटते. ती त्याचं चुंबन घेते. त्यात एक मणी तिच्या तोंडातून त्याच्या तोंडात जातो आणि परत तिच्याकडे येतो. मुलगा दिवसेंदिवस फिका पडत जातो. गुरुजींच्या ते ध्यानात येतं. ते त्याला सांगतात, पुढच्या वेळी मणी गिळून टाक आणि लगेच आधी आभाळाकडे बघ, मग जमिनीकडे. मुलगा गिळतो, पण त्या गडबडीत त्याची नजर फक्त जमिनीकडे जाते. म्हणून त्याला जमिनीवरचं सगळं ज्ञान मिळतं, आभाळाचं मिळत नाही. इथे मोह कशाचा आहे? मुलगी तर निमित्त आहे. मणी म्हणजे ज्ञान, आणि गुरुजी शिष्याला वाचवता वाचवता त्याला चोरीही शिकवतात. कोल्हिणीचं पुढे काय झालं हे कथा सांगणाऱ्यांपैकी फार थोडे विचारतात.

दुसरी अठराव्या शतकातले कोरियन लेखक पाक जी-वॉन यांची. १७८० मध्ये ते कोरियाच्या दूतमंडळाबरोबर चीनला गेले आणि त्या प्रवासाच्या वृत्तांतात ‘होजिल’ नावाची एक कथा त्यांनी घातली. होजिल म्हणजे वाघाची कानउघाडणी. कथा आपण लिहिली असं ते म्हणत नाहीत. वाटेतल्या एका दुकानाच्या भिंतीवर ती टांगलेली होती, मी उतरवून घेतली, असं सांगतात. आत काय आहे ते पाहिलं की ही भिंत पुढे का केली असावी हे लक्षात येतं.

गावात एक थोर पंडित आहेत, हजारो ग्रंथ स्वतःच्या हातानं तपासून शुद्ध केलेले. त्याच गावात एक विधवा आहे, तिच्या पातिव्रत्याची कीर्ती सम्राटापर्यंत पोचलेली. तिला पाच मुलगे आणि पाचांची आडनावं पाच. एका रात्री तिच्या खोलीतून पंडितांचा आवाज येतो. मुलगे फटीतून बघतात, तर पंडितच. पण असे थोर पुरुष विधवेच्या खोलीत येतीलच कसे? मग हा हजार वर्षांचा कोल्हा असणार, पंडितांचं रूप घेऊन आलेला! आणि आता ते आपसांत काय बोलतात ते ऐका : कोल्ह्याची टोपी ज्याच्या हाती लागते त्याच्या घरी अमाप धन येतं, त्याचे जोडे मिळाले तर भरदिवसा आपली सावली लपवता येते, आणि शेपटी मिळाली तर वाटेल त्याला भुलवता येतं. चला, मारू या आणि वाटून घेऊ या.

मी हे पान किती वेळा वाचलं असेल! घरातलं उघडं सत्य बघायला नको म्हणून मुलग्यांनी कोल्हा उभा केला, आणि उभा केल्या केल्या त्याच्या टोपीवर त्यांची नजर गेली. मोहात कोण पडलं? पंडित, आई, पाच मुलगे आणि त्या दोघांचे गोडवे गाणारं सगळं गाव. कोल्हा तर कथेत कुठे नाहीच.

पंडित पळतात, शेतातल्या शेणखताच्या खड्ड्यात पडतात, बाहेर येतात तर समोर वाघ. वाघ नाक मुरडतो, त्यांना खडे बोल सुनावतो आणि न खाता निघून जातो. पहाटे एक शेतकरी विचारतो, इतक्या सकाळी शेतात नमस्कार कुणाला घालताय? पंडित ताबडतोब प्राचीन काव्यातलं वचन ऐकवतात : आभाळ उंच आहे, म्हणून वाकून राहावं.

त्या विधवेबद्दल मात्र मी तुमच्यासारख्या तरुण वाचकांना आवर्जून सांगते, की कथेतलं गाव चीनमधलं असलं तरी तिच्यामागे उभा असलेला समाज कोरियन आहे. १४८५ पासून लागू झालेल्या राज्याच्या कायद्यात पुनर्विवाह केलेल्या बाईच्या मुलां-नातवंडांना मोठ्या सरकारी परीक्षांना बसायची बंदी होती. परीक्षा नाही म्हणजे पद नाही, आणि पद नाही म्हणजे घराणं बुडालं. ही अडवणूक १८९४ च्या सुधारणांपर्यंत टिकली. बाईनं दुसरं लग्न केलं तर शिक्षा तिच्या नातवाला. अशा जागी कोल्हीण जन्माला न आली तरच नवल.

प्रश्न : कोरियन भुतांत आपल्या मुंज्यासारखं कुणी आहे का?
*– एक बालवाचक, आठवीत*

आहे! लग्न न होता मेलेल्या पुरुषाचं भूत म्हणजे मोंगदाल-ग्वीशिन, आणि तशाच मुलीचं छॉन्यो-ग्वीशिन. तिचे केस मोकळे आणि अंगावर पांढरे कपडे. शिवाय दोक्केबी असतो. टाकून दिलेल्या जुन्या केरसुणीसारख्या वस्तूतून तो तयार होतो. त्याला कुस्ती आवडते आणि उसने घेतलेले पैसे फेडल्याचं तो विसरतो, म्हणून रोज रात्री परत फेडायला येतो. जुनी माणसं सांगत, दोक्केबीच्या पैशातून जमीन घ्यावी. तो चिडला तरी जमीन उचलून नेता येत नाही. तुला आवडेल असा हाच.

प्रश्न : राजवाड्यातल्या करणीच्या, जादूटोण्याच्या घटना या कथांत फार येतात. असं खरंच घडलं होतं का? आणि राजे अशा गोष्टी लिहू देत होते का?
*– इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक*

करणी घडली का, हे मी सांगू शकत नाही. करणीचे आरोप घडले, आणि त्यांनी माणसं मेली.

१५२७ मध्ये युवराजाच्या महालाच्या बागेत झाडाला एक उंदीर टांगलेला सापडला. पाय आणि शेपटी तोडलेली, डोळे, कान आणि तोंड जाळलेलं. युवराज डुकराच्या वर्षी, म्हणजे १५१५ मध्ये जन्मलेला. पाय-शेपटी तोडलेला उंदीर डुकरासारखा दिसतो, म्हणजे ही युवराजावरची करणी, असं अनुमान निघालं. संशय राजाच्या एका आवडत्या उपपत्नीवर, पाक-ग्योंगबिनवर गेला, कारण तिचा मुलगा युवराजाहून मोठा होता. दासींना छळून विचारपूस झाली. मायलेकांना राजवाड्याबाहेर काढलं आणि सहा वर्षांनी दोघांनाही मृत्यूची शिक्षा झाली. नंतर संशयाचा काटा फिरला तो किम आन-रो या बड्या मंत्र्याच्या मुलावर, जो राजाचा जावई होता.

गुरुजी, रहस्यकथा म्हणून याहून घट्ट विणलेलं काही मला सुचवून दाखवा. मेलेला उंदीर कुणाचंच वाकडं करू शकत नव्हता. तो टांगणाऱ्याला पक्कं माहीत होतं, की इथे पुरावा मागायला कुणी थांबणार नाही. करणीवर ज्याचा विश्वास नाही अशा माणसानं करणीवर विश्वास ठेवणाऱ्यांना वापरलं. अमानवी शक्तीचा हा मोह मला सगळ्यांत भयंकर वाटतो : ती आपल्याला मिळावी असा नव्हे, ती शत्रूच्या नावावर लिहावी असा.

१७०१ मध्ये राणी इनह्योन आजारानं गेली. जांग हीबिन ही एके काळी स्वतः राणीपदावर बसलेली आणि मग खाली उतरवलेली स्त्री. तिनं आपल्या महालात गुप्त देव्हारा मांडून, मुदांग म्हणजे अंगात येणाऱ्या देवऋषिणी बोलावून राणीच्या मरणाची प्रार्थना केली, असा आरोप झाला. राजा सुकजोंगनं तिला मृत्यूची आज्ञा दिली. ती युवराजाची जन्मदात्री होती. यावर लिहिणारे बहुतेक तिला कोल्हीण करून मोकळे होतात. ज्या राजानं दोन बायकांना आळीपाळीनं वर बसवलं आणि खाली उतरवलं, त्याच्याकडे कुणी फारसं वळत नाही. त्यानं नंतर नियमच केला, की पुढे कुठल्याही उपपत्नीला राणी करू नये. जणू चूक पायरीची होती!

आता तुमचा दुसरा प्रश्न. १५११ मध्ये छे सू या ज्येष्ठ अधिकाऱ्यानं सॉल गोंग-चान नावाच्या मेलेल्या तरुणाची कथा लिहिली. तो चुलत भावाच्या अंगात येतो आणि परलोकात काय चालतं ते सांगतो. तिथे लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला पद मिळतं, आणि इथे राजा असला तरी ज्यानं द्रोह करून गादी घेतली तो नरकात जातो. तेव्हाचा राजा जुंगजोंग पाचच वर्षांपूर्वी, १५०६ मध्ये, आपल्या सावत्र भावाला उलथवून गादीवर बसवला गेलेला होता. दरबारात गदारोळ झाला, छे सूला फाशी द्या इथपर्यंत मागणी गेली. शेवटी पदावरून काढण्यावर भागलं, पण पुस्तकाच्या प्रती गोळा करून जाळायचा हुकूम निघाला. कारण दिलं होतं, की ते लोकांना भुलवतं. भुलवणाऱ्या भुताविरुद्ध राजसत्तेनं काढलेला हा खराखुरा हुकूम.

आणि भूत परत आलंच. १९९६ मध्ये त्याच काळातल्या एका माणसाच्या रोजनिशीच्या पानांमागच्या कोऱ्या बाजूवर या कथेच्या कोरियन रूपाचा काही भाग लिहिलेला सापडला. कुणीतरी पानं उलटी करून चोरून उतरवून ठेवला होता.

प्रश्न : मी जोसॉन काळातली एक रहस्यकथा लिहिली आहे. एक प्रामाणिक अधिकारी परगण्यात रुजू होतो, तिथे त्याला कोल्हीण भुलवते आणि तो लाचखोर होतो. शेवटी गुप्त शाही निरीक्षक येऊन त्याला पकडतो. वाचणारे म्हणतात, कथा पटत नाही. कुठे चुकतं आहे?
*– एक होतकरू लेखक*

तुमची पानं मी दोनदा वाचली. भाषा छान आहे. चुकतं ते एका रात्रीत. संध्याकाळी तो प्रामाणिक आहे, कोल्हीण येते, सकाळी तो लाचखोर. या मधल्या रात्री त्याला स्वतःला काहीच ठरवावं लागत नाही, म्हणून वाचकाला त्याच्यावर रागावताही येत नाही आणि त्याच्यासाठी रडताही येत नाही. न्यायालयात मी हे फार ऐकलं आहे : ‘त्या वेळी मी माझा नव्हतोच, साहेब.’ टाइप करताना माझी बोटं तिथे नेहमी क्षणभर थांबायची.

कोल्हीण बाजूला ठेवा आणि वाघाची भुतं घ्या. कोरियात अशी समजूत होती, की वाघानं मारलेल्या माणसाचं भूत, म्हणजे छांगग्वी, त्या वाघाचं चाकर होतं. दुसरा बळी वाघापर्यंत आणून देईपर्यंत त्याची सुटका नसते, म्हणून ते ओळखीच्याच माणसांना नावानं हाका मारतं. वर सांगितलेल्या वाघाच्या कथेच्या सुरुवातीलाच अशी तीन भुतं आहेत. पहिलं वाघाच्या काखेत राहतं. ते त्याला लोकांच्या स्वयंपाकघरात नेतं, भांड्याची कड चाटतं, आणि घरधन्याला मध्यरात्री अचानक भूक लागते. तो बायकोला उठवून भात शिजवायला सांगतो. दुसरं वाघाच्या गालाला चिकटलेलं. ते उंचावर चढून टेहळणी करतं आणि वाटेत सापळा लावलेला असेल तर आधीच जाऊन सोडवून ठेवतं. तिसरं हनुवटीला असतं, आणि ते आपल्या मित्रांची नावं भराभर सांगत सुटतं.

यांतलं एकही भूत वाघाच्या जातीचं नाही. तिघंही खाल्ली गेलेली माणसं आहेत. तुमच्या परगण्यात अशी माणसं कोण असतील? आजॉन, म्हणजे कचेरीतले पिढीजात कारकून. त्यांना नियमित पगार नसायचा. काम सरकारचं आणि पोट लोकांच्या खिशातून, असा सगळा बंदोबस्त. शिवाय अधिकाऱ्याला स्वतःच्या मुलखात नेमत नसत, त्यामुळे तुमचा नायक तिथे परका आहे. गावची भाषा, नाती, जमिनी, कुणाचं कुणाशी वाकडं, हे सगळं त्याला या कारकुनांच्या तोंडूनच कळणार. आधीच्या पाच अधिकाऱ्यांनी ज्यांना पिळलं, तेच आता सहाव्याला स्वयंपाकघराची वाट दाखवतात. ते दुष्ट आहेत असं लिहू नका. त्यांना सुटायचं आहे.

मोहसुद्धा रूपाचा नको, कागदाचा असू द्या. माणशी वर्षाला एक ठाण कापड असा लष्करी कर होता, सोळा ते साठ वयाच्या सामान्य पुरुषांवर. परगण्यानं ठरलेली संख्या भरलीच पाहिजे. माणसं पळून जात, मरत, संख्या मात्र तीच. मग मेलेल्यांची नावं यादीत तशीच ठेवायची आणि कापड घरच्यांकडून घ्यायचं. याला नावच होतं, पांढऱ्या हाडांवरचा कर. तान्ह्या मुलांचीही नावं चढत. जॉंग याक-योंग हे विद्वान, ज्यांना दासान म्हणतात, त्यांनी दक्षिणेतल्या गांगजिनला हद्दपारीत असताना १८०३ मध्ये ऐकलेली हकीकत लिहून ठेवली आहे. एका गरिबाच्या तीन दिवसांच्या मुलाचं नाव यादीत चढलं आणि करापायी त्याचा बैल ओढून नेला. त्यानं सुरी घेऊन स्वतःचं पुरुषत्व कापून टाकलं, यानंच माझ्यावर ही वेळ आणली म्हणत. बायको ते रक्ताळलेलं हातात घेऊन रडत कचेरीच्या दारापर्यंत गेली, आणि दारवानानं तिला आत जाऊ दिलं नाही. याच दासाननी पुढे, १८२२ मध्ये, खुनाच्या तपासावर तीस खंडांचा ग्रंथ पुरा केला. ती बाई त्यांच्या डोळ्यांपुढून कधी हलली नसेल, असं मला वाटतं.

तुमच्या नायकासमोर पहिल्या आठवड्यात अशी एक यादी येऊ द्या. त्यात एक मेलेला माणूस आहे. त्याचं नाव खोडलं तर संख्या कमी भरते आणि वरून विचारणा येते. ठेवलं तर त्याच्या विधवेकडून कापड येतं. कारकून म्हणतो, आधीच्या साहेबांनी ठेवलं होतं. एवढंच. खून नंतर, आणि तो या नावातूनच निघू द्या : त्या मेलेल्याचा पहिला पंचनामा कुणी केला होता, दुसरा का झालाच नाही?

निरीक्षकाबद्दलही थोडं सांगते. आमहेंगऑसा, म्हणजे वेश बदलून फिरणारा गुप्त शाही निरीक्षक, तुम्ही घोड्यांचं चित्र कोरलेल्या बिल्ल्यासह आणला आहे. तो सगळेच आणतात. त्याच्याजवळ पितळी मोजपट्टीही असे. कर मोजायची मापं आणि फटक्यांची काठी ठरल्या मापाची आहे की नाही, ते तो तिनं तपासायचा. तुमच्या शेवटच्या प्रकरणात आरडाओरडा आणि धावपळ आहे. त्याऐवजी त्याला कोठारात एकटं बसून माप मोजू द्या. बाहेर तुमचा नायक उभा आहे आणि आतल्या पितळेचा आवाज त्याला ऐकू येतो आहे.

कोल्हीण तुम्हाला फारच आवडत असेल तर ती ठेवा, पण तिला एकदाच येऊ द्या आणि रिकाम्या हातानं परत जाऊ द्या, कारण तिला न्यायला तिथे काही उरलेलंच नाही. कथा मात्र त्या भुकेपासून सुरू करा. मध्यरात्र आहे, नवा अधिकारी पोटभर जेवून झोपलेला आहे, आणि अचानक त्याला भूक लागते. लिहून झाली की पुन्हा पाठवा. पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचीन.